खरं काम तुम्हाला कुणी शिकवलं? ट्रेनिंगचे बरेवाईट अनुभव

उलटीघडी
काल ऑफिसात एक प्रकार झाला म्हणून धागा काढतेय. नवीन मुलगी आलीय, तिला महिनाअखेरीचं रिकन्सिलेशन शिकवत होते. बँकेचं स्टेटमेंट आणि आपलं लेजर (खातेवही) जुळवायचं, जे जुळत नाही ते का जुळत नाही ते शोधायचं. दोन एंट्र्या तिने शोधल्या, तिसरीला अडली, तर मी "थांब, दे इकडे" करून माऊस ओढूनच घेतला. पाच मिनिटांत सगळं जुळवलं. कळलं ना? हो मॅडम. तिचा चेहरा बघितला आणि मला माझे पहिले साहेब आठवले.

साहेब शिकवायला शेजारी बसले की दोन्ही तळवे मांडीखाली घालून बसायचे. खरंच हातावर बसायचे! मला वाटायचं यांना एसी लागतोय. मी एक फरक शोधायला पाऊण तास घ्यायचे, त्यांना तो आल्या आल्या दिसलेला असायचा, पण बोलणार नाहीत. एकदा ६३ चा फरक येत होता, मी रडकुंडीला आले, तर एवढंच म्हणाले, "नऊने भाग जातोय का बघ." गेला. आता नऊने भाग गेला तर काय, हे पण नाही सांगितलं. शेवटी सापडलं, १८ च्या जागी ८१ पडलं होतं. आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने भाग जातोच, हे मी आता मेले तरी विसरणार नाही.

ते रिटायर होताना विचारलं, सर हातावर का बसायचात? म्हणे, "मोकळे ठेवले की माऊसकडे जातात."

तर सांगा तुमचं. वाईट अनुभवही चालतील, तेच जास्त येणार म्हणा.

डुलकीराम
जेवणानंतरचं सेशन. दिवे मालवलेले, स्लाइडा शंभराच्या वर, आणि ट्रेनर त्या वाचून दाखवतोय. डोळे उघडे ठेवून झोपायला मी तिथे शिकलो. करिअरमधे सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं स्किल.

कोपऱ्यातली
@डुलकीराम 😂 आणि शेवटी "एनी क्वेश्चन्स?" म्हटल्यावर एक जण हमखास प्रश्न विचारतो, त्याला शोधून काढायचं असतं मला.

तिसरीशिफ्ट
आमच्याकडे कारखान्यात लाइनजवळ भिंतीवर स्किल मॅट्रिक्स असायचा. उभं नावं, आडवी कामं, प्रत्येक घरात गोल आणि गोलाचे चार भाग. एक भाग काळा म्हणजे माहिती आहे, दोन म्हणजे कुणी बाजूला असेल तर जमतं, तीन म्हणजे एकटा करतो, पूर्ण गोल म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. माझा प्रेस मशीनचा गोल तीनवर अडकला तो अडकलाच. वस्तादांना म्हटलं, मी तर तुमच्यापेक्षा फास्ट चालवतो. तर त्यांनी एक नवीन पोरगा माझ्यापुढे उभा केला, याला शिकव, हा एकटा चालवेल त्या दिवशी मार्कर उचलेन. अरे देवा. मला कळेचना सांगू काय. मी हाताने करतो ते तोंडाने सांगता येईना. डाय (साचा) बसली की जो आवाज येतो त्यावरून मला कळतं, आता तो आवाज त्याला कसा सांगायचा? मग वस्तादांनी खिशातून मळकट कार्ड काढून दिलं. आधी माणसाची तयारी कर, मग करून दाखव, मग त्याच्याकडून करून घे, मग सोड पण लक्ष ठेव. चार ओळी. दीड महिना लागला पोराला. की मला. तेव्हा गोल भरला.

पानउलट्या
@तिसरीशिफ्ट भाऊ, ते कार्ड बरंच जुनं आहे बरं का. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारागीर सैन्यात गेले आणि कारखान्यात सगळी नवखी मंडळी भरली, बायका पण खूप. तेव्हा सरकारने १९४० मधे ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री काढलं, त्यातलं हे. सुपरवायझरला दहा तासांत शिकवायचं कसं हे शिकवायचे, दोन दोन तासाची पाच सेशन. त्यांचं वाक्य होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. युद्धानंतर ते जपानला गेलं आणि टोयोटा वगैरेंनी डोक्यावर घेतलं. आणि अमेरिकेत १९४५ ला बंद!

तिसरीशिफ्ट
@पानउलट्या आईशप्पथ? मला वाटायचं वस्तादांनी स्वतः केलंय ते.

मारूनका_एचआर
एचआरवाली बोलतेय, मारू नका. दरवर्षी मी मॅनेजर लोकांना टीएनआयचा फॉर्म पाठवते, तुमच्या टीममधे कुणाला काय शिकायची गरज आहे ते लिहा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी भरून येतो. सगळ्यांपुढे "कम्युनिकेशन स्किल्स". एकाने तर टीममधल्या अकराही जणांना तेच लिहिलेलं, त्यातला एक तीन महिन्यापूर्वी रिझाइन करून गेला होता! मग आम्ही कॅलेंडर भरतो, मॅनडेजचं टार्गेट असतं ना, माणशी इतके दिवस झालेच पाहिजेत. आणि मग तुम्ही लोक नावं ठेवता.

खरी लाज वेगळीच आहे. १९५९ मधे डोनाल्ड कर्कपॅट्रिकने ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या, आवडलं का, शिकला का, कामात वागणं बदललं का, आणि धंद्यात फरक पडला का. आम्ही आयुष्यभर पहिल्या पायरीवर. हसरा चेहरा, उदास चेहरा, टिक करा. तो फॉर्म पण लोक सेशन संपायच्या आधीच भरून ठेवतात, घरी जायची घाई. तीन महिन्यांनी डिपार्टमेंटला जाऊन काय बदललं ते विचारायचं मी एकदाच केलं. मॅनेजर म्हणाले, "कुठलं ट्रेनिंग?"

डुलकीराम
मॅडम पाचपैकी पाच दिलेत मी नेहमी. हॉल छान होता.

हरवलेलापेन
मला कोणीच नाही शिकवलं. आधीचा माणूस माझ्या जॉइनिंगच्या आदल्या दिवशी गेला, हँडओव्हर म्हणून एक वही ठेवून. वहीत सुंदर अक्षरात लिहिलेलं, "दर गुरुवारी ते करणे. विसरू नये." अंडरलाइन. ते म्हणजे काय ते कुठेही नाही.

कोपऱ्यातली
मेले 😂😂 मग कळलं का?

रात्रपाळी_सिस्टर
ड्युटीवरून घाईत लिहितेय. माझी पहिली रात्र. डॉक्टरांनी फोनवर डोस सांगितला, मी हो सर म्हणून फोन ठेवायला गेले, मागून सीनियर सिस्टरने माझा हातच धरला. "वाच परत त्यांना." मला इतकी लाज वाटली, डॉक्टरांना काय वाटेल, हिला एक आकडा ऐकू येत नाही. वाचलं. मी लिहिला होता फिफ्टी, त्यांनी सांगितला होता फिफ्टीन. त्या दिवसापासून फोनवरची ऑर्डर आधी लिहिते, मग परत वाचते, आणि आकडा सुटा बोलते, वन फाइव्ह. इंडक्शनमधे हे सगळं सांगितलेलं होतं हं, स्लाइड पण आठवते. पण मनगटावर ती पकड बसली नसती तर काय झालं असतं देव जाणे. आता मी नव्या मुलींचे हात धरते. बेल वाजली, जाते.

रनवे२७
@सिस्टर, सलाम. आमच्या क्षेत्रातला सगळ्यात मोठा धडा पण न बोलण्याचाच. डिसेंबर १९७८, पोर्टलंड. डीसी-८ विमान, चाकांची गडबड म्हणून कॅप्टन घिरट्या घालत राहिला, तासभर, आणि इंधन संपून विमान शहराच्या कडेला पडलं. १० माणसं गेली. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमधल्या बाकीच्यांना दिसत होतं, बोललेही ते, पण दबकत, कॅप्टनला ऐकू जाईल असं ठासून कुणी नाही बोललं. मग १९७९ ला नासाने त्यावर वर्कशॉप घेतलं आणि १९८१ पासून एअरलाइनींनी क्रूला हे रीतसर शिकवायला घेतलं, ज्युनियरने टोकायचं कसं आणि कॅप्टनने ऐकून घ्यायचं कसं. आम्हाला सिम्युलेटरमधे मुद्दाम चुकणारा कॅप्टन देतात. पहिल्या वेळी मी "सर, आय थिंक..." म्हणून गप्प बसलो. सिम्युलेटरमधे मेलोय मी एकदा.

निवृत्त_ट्रेनर
डुलकीरामांना झोपवणाऱ्यातला मीच एक, तेव्हा कबुली देतो. वर्षानुवर्षं मी शिकवलं की कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी करून, ओळखा तुम्ही कोण. लोकांना फार आवडायचं, पाचपैकी पाच. २००८ मधे मानसशास्त्रज्ञांनी आधीचं सगळं संशोधन तपासून सांगितलं की माणसाच्या प्रकाराप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकतो याला पुरेसा पुरावाच नाही. मी त्यानंतरही दोनेक वर्षं तीच स्लाइड चालवली, कारण बॅच खूश व्हायची. आणि दोन दिवसांचं ट्रेनिंग तर विचारूच नका. एबिंगहाउस नावाच्या जर्मनाने १८८५ मधे स्वतः निरर्थक अक्षरं पाठ करून बघितलं होतं, विसरण्यातलं बरंचसं पहिल्याच दिवसात होऊन जातं. मी नंतर कंपनीला सुचवलं, आठवड्याला एक तास ठेवा, दोन महिने. नको म्हणाले, हॉलचं बुकिंग जमत नाही.

आगाऊ
ऑनलाइन कंपल्सरी कोर्सवर कुणी बोलणार की नाही? व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही आणि माऊस हलला नाही तर स्क्रीन लॉक. उपाय सांगतो, माऊस मनगटी घड्याळावर ठेवायचा. सेकंदकाटा फिरतो, सेन्सरला वाटतं माऊस हलतोय.

डुलकीराम
@आगाऊ गुरुवर्य!! डिजिटल चालेल का?

आगाऊ
अहो काटा कुठाय त्यात.

मारूनका_एचआर
मी हे वाचलं नाही असं समजा.

झोकातपडले
ट्रस्ट फॉल. डोळे मिटून मागे पडा, टीम झेलेल. टीम तेव्हा ग्रुप फोटोला वळली होती. बाकी मजेत आहे, माकडहाड थोडं बोलतं अधूनमधून. मारूनकातै ते तुम्हीच होतात का?

मारूनका_एचआर
@झोकातपडले 🙈 नाही हो. आमच्याकडे दोरी ओढायची असते.

उलटीघडी
किती भारी लिहिताय सगळे. @सिस्टर, वाचून अंगावर काटा आला. अपडेट देते, आज दुपारी परत बसले तिच्याबरोबर, हात मांडीखाली. वीस मिनिटांनी मुंग्या आल्या हो! साहेब कसे काय बसायचे. ती एकच फरक दोनदा वजा करत होती, मला दिसत होतं, आणि तोंडातून शब्द निघू न देणं हातापेक्षा अवघड आहे. शेवटी पाणी प्यायला म्हणून उठून गेले. परत आले तर म्हणाली, मॅडम, मी इथे दोनदा घेतलं होतं ना?

तिसरीशिफ्ट
भरा अर्धा गोल.

कोपऱ्यातली
@हरवलेलापेन अहो ते गुरुवारचं सांगा ना, मी त्यासाठी तिसऱ्यांदा येतेय धाग्यावर.

हरवलेलापेन
सॉरी, मीटिंगमधे होतो. बॅकअपची टेप बदलायची होती. चार महिन्यांनी कळलं, सर्व्हर बसला त्या दिवशी. तोपर्यंत रोज रात्री त्याच एका टेपवर बॅकअप पडत होता.

कोपऱ्यातली
आणि मग काय आलं त्या टेपवरून परत?

हरवलेलापेन
काही नाही. टेप झिजली होती. पण वही आहे अजून माझ्याकडे, अक्षर खरंच सुंदर आहे.