फायबरला बोट लागलं की जायरोचं शून्य सरकतं

प्रयोगवही:
एमटेकच्या प्रोजेक्टसाठी फायबर ऑप्टिक जायरो बांधतोय, म्हणजे फायबरच्या कॉइलमधून दोन्ही दिशांनी प्रकाश सोडून फिरणं मोजणारं यंत्र. साध्या सिंगल मोड फायबरची ५०० मीटरची कॉइल, व्यास १० सेंटीमीटर, १५५० नॅनोमीटरचा एसएलडी (प्रकाशाचा स्रोत), प्रकाश वाटणारे दोन कपलर, मध्ये पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा). टेबल स्थिर असूनही रीडिंग सरकत राहतं. कॉइलजवळच्या कपलरचा फायबर बोटाने जरा वाकवला की शून्य कुठच्या कुठे जातं, सोडला तरी मूळ जागी येत नाही. पृथ्वीचं ताशी १५ अंशांचं फिरणं पकडायचंय. इलेक्ट्रॉनिक्स दोनदा तपासलं. अख्खी कॉइल पीएम (पोलरायझेशन, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, टिकवणाऱ्या) फायबरची करणं परवडणार नाही.

स्प्लायसर:
याच जागी मी चार महिने अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. कॉइलचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर धरलात तरी तुम्हाला मिळणारा फेज (दोन्ही दिशांच्या लाटांमधला फरक) जेमतेम ५० मायक्रोरेडियन. पोलरायझर ३० डीबीचा असेल तर नको असलेल्या प्रकाशाची पॉवर हजारावा भाग उरते, पण अॅम्प्लिट्यूड (लाटेची उंची) ३ टक्के उरतो, आणि चूक अॅम्प्लिट्यूडमधून शिरते. फायबर वाकला की पोलरायझेशन बदलतं, मग दोन्ही दिशांच्या लाटांची वाट एकसारखी राहत नाही.

पोलरायझरपासून कॉइलच्या तोंडापर्यंत सगळं पीएम करा, कपलरसुद्धा. कॉइल साधीच राहू द्या, पण तिच्या एका टोकाला लिओ डिपोलरायझर (पोलरायझेशन विस्कटून टाकणारा भाग) जोडा: पीएमचे दोन तुकडे, लांबी १:२, अक्ष ४५ अंशांत. एसएलडीची रुंदी ४० नॅनोमीटर धरली तर १२ सेंटीमीटरच्या आसपास पोलरायझेशन विस्कटतं. मी १ आणि २ मीटर घेतले.

माझा पहिला जोड ३८ अंशांवर बसला होता. फायबर जोडायच्या मशीनच्या (स्प्लायसरच्या) स्क्रीनवर ४५ दिसत होते, म्हणून मी विश्वास ठेवला. तुम्ही पुढे अॅनालायझर (फिरवता येणारा दुसरा पोलरायझर) फिरवून पॉवर मीटर बघा. आकडा हलला तर जोड तोडून पुन्हा करा.

कॉइलवाला:
दोन्ही टोकांना डिपोलरायझर लावलात तर लांब्या वेगळ्या ठेवा. आणि परतताना निम्मा प्रकाश पोलरायझर अडवणार, तेवढं पॉवरच्या हिशेबात धरा.

प्रयोगवही:
तिसऱ्या प्रयत्नात जोड जमला, अॅनालायझर पूर्ण फिरवला तरी मीटर जागचा हलला नाही. आता फायबर वाकवला तरी शून्य तिथेच. काल कॉइल उलटी ठेवली आणि रीडिंगचं चिन्ह उलटलं. पृथ्वी पहिल्यांदा दिसली.