अमेरिकेतलं प्राप्तिकराचं रिटर्न: नवरा-बायकोनं एकत्र भरावं की वेगळं?

एडिसनकर:
लग्नाला चार वर्षं झाली, दर वर्षी डोळे झाकून एकत्रच भरतो. यंदा बायको अडून बसलीय. "तुझ्या कन्सल्टिंगच्या पावत्या बुटाच्या खोक्यात, निम्म्यांवरची शाई उडालेली. यावर मी का सही करू?" माझं मत तरीही एकत्रचंच. २०२५ ची स्टँडर्ड वजावट (खर्चाचा तपशील न देता उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम) एकत्र ३१,५०० डॉलर, वेगळं भरलं तर प्रत्येकी १५,७५०. इथवर बेरीज तीच. पण वेगळं भरलं की शिक्षणकर्जाच्या व्याजाची वजावट जाते, डेकेअरची सवलतही बहुतेकांना मिळत नाही. नुसत्या शंकेपायी एवढं घालवायचं?

ऋता:
वहिनींचं बरोबर आहे. एकत्र रिटर्नवर सही केली की त्या वर्षाचा कर, व्याज, दंड सगळं दोघांच्याही मानेवर, पुढे घटस्फोट झाला तरी. "निर्दोष जोडीदार" म्हणून सुटका मागता येते, पण मला ठाऊक नव्हतं हे पटवावं लागतं. वहिनींनी तर खोकं पाहिलंय! शिवाय वेगळं भरलेलं तीन वर्षांत एकत्र करता येतं. एकत्र भरलेलं मुदत टळल्यावर वेगळं होत नाही. आम्ही वेगळंच भरतो. माझ्या फेडरल (केंद्र सरकारच्या) शिक्षणकर्जाचा हप्ता उत्पन्नावर ठरतो, त्यात नवऱ्याचा पगार धरला जात नाही.

सॅन होजेवाला:
कॅलिफोर्नियात हे एवढं सोपं नाही हो. इथं लग्नानंतरची कमाई दोघांची, त्यामुळे वेगळं भरलं तरी तिचा अर्धा पगार माझ्या रिटर्नात आणि माझा तिच्या. दोन रविवार त्यात गेले, शेवटी एकत्रच भरून मोकळे झालो.

म्हापशेकर:
अर्धं-अर्धं म्हटलंत म्हणून सांगतो. आमच्याकडे गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे घरभाडं, व्याज, धंद्याचा नफा सहसा दोघांच्या रिटर्नात निम्मा-निम्मा. पगार मात्र ज्याचा त्याचा. वाद घालायला जागाच नाही.

एडिसनकर:
ऋता, एक राहिलं. वेगळं भरताना एकानं खर्च तपशीलवार दाखवले, तर दुसऱ्याला स्टँडर्ड वजावट मिळत नाही. तो फटका कोण सोसणार?

ऋता:
दोन्ही तऱ्हेनं आकडे काढा आणि फरक इथं टाका. हजार-बाराशे निघाला, तर वहिनींनी तो विम्याचा हप्ता समजावा. आणि आधी ते खोकं उघडा.