शब्दचर्चा : चमत्कार, चिन्ह, अद्भुत आणि 'चमत्काराची आशा'

अनुस्वार : ख्रिस्ती प्रार्थनासभेच्या पत्रकाचा मसुदा तपासतोय. त्यात 'चमत्कारिक आरोग्यप्राप्तीची आशा धरा' असं वाक्य आहे. वाचताना अडखळायला होतं. नेमकं काय खटकतंय?

कानामात्रा : आधी 'चमत्कारिक' काढा. व्युत्पत्तीने तो शब्द निर्दोष आहे, पण रोजच्या मराठीत 'चमत्कारिक माणूस' म्हणजे विक्षिप्त माणूस आणि 'चमत्कारिक वास' म्हणजे नकोसा वास. 'चमत्कारिक आरोग्य' म्हटलं की वाचकाला काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. 'चमत्कारी' घेतलं तर अर्थ 'चमत्कार करणारा' असा होतो, आणि तो शब्द बाबा-ताईतांच्या जाहिरातींनी पार झिजवलाय. सरळ 'देव चमत्काराने बरे करील' लिहा.

टीपकागद : मूळ अडचण 'चमत्कार' या शब्दातच आहे. 'चमत्' हा संस्कृतात आश्चर्याचा उद्गार, त्यामुळे शब्दाचा भर बघणाऱ्याच्या अचंब्यावर राहतो. काव्यशास्त्रातली 'चमत्कृती' याच घरातली. बायबलच्या नव्या करारात मात्र तीन वेगळे ग्रीक शब्द येतात : दुनामिस म्हणजे सामर्थ्य, किंवा सामर्थ्याचं कृत्य, सेमेइऑन म्हणजे खूण, आणि तेरास म्हणजे थक्क करणारी गोष्ट. प्रेषितांची कृत्ये २:२२ मध्ये तिन्ही एका ओळीत आहेत. मराठी शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, त्यांच्यासाठी 'महत्कृत्ये, अद्भुते व चिन्हे' असे तीन शब्द आहेत, आणि ते चोख आहेत.

यातला 'तेरास' नव्या करारात १६ वेळा येतो, पण एकदाही एकटा येत नाही, दरवेळी सोबत 'सेमेइऑन' असतो. म्हणजे नुसत्या अचंब्याला तिथे स्वतंत्र जागा नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तर 'दुनामिस' एकदाही नाही. काना गावी येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, त्याला योहान 'चिन्ह' म्हणतो. चिन्ह दुसऱ्या कशाकडे तरी बोट दाखवतं, 'चमत्कार' म्हटल्यावर ते बोट दिसेनासं होतं.

अनुस्वार : मग पत्रकात 'चिन्ह' लिहू?

टीपकागद : नको. रोजच्या मराठीत चिन्ह म्हणजे निवडणुकीचं नाहीतर विरामाचं. 'चिन्हे व अद्भुते' ही जोडी चालते, कारण ती ऐकून ऐकून कानात बसली आहे. एकटं 'चिन्ह' शास्त्राभ्यासाच्या लेखात ठेवा.

कानामात्रा : आता 'आरोग्यप्राप्ती'. बरं होण्याला मराठीत पायऱ्या आहेत आणि साक्षीत (सभेत सांगितलेल्या अनुभवात) नेमका तिथेच घोळ होतो. ताप जरा कमी झाला तर 'उतार पडला'. दुखणं थांबलं तर 'आराम पडला'. रोग्याला तसं जाणवलं तर 'बरं वाटलं'. रोग गेला तरच 'बरा झाला'. परत आला तर 'दुखणं उलटलं'. सभेत सांगणारा 'बरं वाटलं' म्हणतो, लिहून घेणारा 'बरा झाला' लिहितो आणि महिन्याभरात दुखणं उलटतं. मग खोटेपणाचा आळ साक्ष देणाऱ्यावर येतो. चूक मात्र क्रियापदाची असते. साक्ष लिहून घेताना निदान कोणत्या तपासणीतून झालं, उपचार चालू आहेत की थांबले, पुन्हा तपासणी झाली का, एवढं तरी विचारावं. 'प्रार्थनेचा गुण आला' हेही टाळा. गुण औषधाला येतो, आणि त्या वाक्यात प्रार्थना बाटलीतली मात्रा होऊन बसते.

जुनी_पोथी : या पायऱ्या कॅथलिक चर्चने फार काटेकोरपणे मांडल्या आहेत. प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी (पुढे पोप बेनेडिक्ट चौदावे) यांनी अठराव्या शतकात निकष लिहिले : आजार गंभीर हवा, आपोआप ओसरण्याच्या टप्प्यावर आलेला नको, औषधाने बरा झालेला नको, बरं होणं अचानक, पूर्ण आणि टिकाऊ हवं. फ्रान्समधल्या लूर्द इथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तिथले डॉक्टर 'चमत्कार' हा शब्द वापरत नाहीत. आजच्या वैद्यकीय ज्ञानाने उलगडा होत नाही, इतकंच ते सांगतात. चमत्कार घोषित करतो तो बिशप. लूर्दचं मरियेचं दर्शन १८५८ चं, आणि २०१८ पर्यंत घोषित चमत्कार ७०. ही कामाची वाटणी मराठीतही पाळावी. 'डॉक्टरांनी चमत्कार मान्य केला' हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं.

अनुस्वार : 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे' हे येशूचं वाक्य पत्रकात ठळक टाकायचं आहे.

टीपकागद : टाका, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. मार्क ५:३४ मधल्या 'बरे केले' आणि लूक ७:५० मधल्या 'तारले' यांच्यामागे ग्रीक क्रियापद एकच आहे : सोझो. दुसऱ्या ठिकाणी आजार मुळीच नाही, पापांची क्षमा आहे. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात, पण हे क्रियापद आभार मानायला परत आलेल्या एकालाच मिळतं. मराठीला संदर्भ बघून शब्द निवडावा लागतो, त्याला इलाज नाही. ते वाक्य उलटं मात्र फिरवू नका. 'बरा झाला नाहीस, म्हणजे विश्वास कमी पडला' असं मूळ वाक्य म्हणत नाही. मार्क ९:२४ मधला बाप 'माझा विश्वास आहे' आणि 'माझा अविश्वास घालवा' हे एका दमात म्हणतो, तरी मुलगा बरा होतो.

कानामात्रा : राहिली 'आशा'. मराठी आशेला शंकेची किनार असते : वेडी आशा, आशाळभूत, आशेला लावणे. नव्या करारात प्रेषित पौलाच्या पत्रांतली आशा पक्की असते, म्हणून शास्त्रात तिच्या शेजारी 'भरवसा' येतो. पण पत्रकात 'चमत्काराचा भरवसा ठेवा' लिहिलंत तर ते तारीख दिल्यासारखं होईल. भरवसा देवावर, आशा बरं होण्याची, अशी फोड करा. आणि 'नवस' जवळपास फिरकू देऊ नका. त्यात देवाणघेवाणीचा करार असतो.

अनुस्वार : मग असं : 'देवावर भरवसा ठेवून आजाऱ्यांसाठी प्रार्थना करू, तो आजही बरे करतो ही आमची आशा आहे. चालू औषधे थांबवू नयेत.'

जुनी_पोथी : शेवटचं वाक्य ठळक करा.

कानामात्रा : आणि 'आजही'चा 'ही' गाळू नका. बरं करण्यासारखी देवाची दाने (देणग्या) प्रेषितांच्या काळापुरतीच होती की अजून चालू आहेत, हा पंथापंथांतला जुना वाद आहे, आणि तुमचं पत्रक त्यात कोणत्या बाजूला उभं आहे ते त्या एका अक्षरावरून कळतं.