मदत हवी आहे: लसीसाठी शतावरीचे सॅपोनिन, पण रक्तपेशी फुटतात

मंडळी, जनावरांच्या निष्क्रिय (मेलेल्या जंतूंच्या) लसीत पूरक म्हणून, म्हणजे प्रतिकारशक्ती जास्त चेतावी म्हणून, चिलीतल्या क्विलाजा झाडाच्या सालीचे सॅपोनिन, म्हणजे साबणासारखे फेसाळणारे द्रव्य (क्विल-ए), वापरतात. त्याऐवजी शतावरीच्या मुळ्यांतले सॅपोनिन चालते का, हे तपासतो आहोत. अजून सगळे प्रयोगशाळेतच आहे, जनावराला काही टोचलेले नाही.

चाचणी अशी: मेंढीच्या धुतलेल्या तांबड्या पेशी ०.५ टक्के, पीएच ७.४ चे फॉस्फेट बफर, ३७ अंशांवर ३० मिनिटे, मग सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रव ५४० नॅनोमीटरवर वाचायचे, म्हणजे फुटलेल्या पेशींतून किती लाल रंग सुटला ते कळते. क्विल-ए पेशी फोडणार हे गृहीतच होते. अडचण अशी की शतावरीच्या अर्काचे आकडे दर बॅचला बदलतात.

कोलेस्टेरॉल सॅपोनिनला बांधून ठेवते, म्हणजे पेशी फुटणे कमी व्हावे, म्हणून इस्कॉमसारखे (सॅपोनिन आणि मेदाचे सूक्ष्म) कण करून पाहायचे आहेत. क्विल-ए, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड यांचे ५:१:१ प्रमाण रुळलेले आहे. पण शतावरीचे सॅपोनिन स्टेरॉइडी, क्विलाजाचे ट्रायटर्पेनी, म्हणजे दोघांचा रासायनिक सांगाडा वेगळा. मग हेच प्रमाण लागू पडेल का? पिंजऱ्यासारखे सुमारे ४० नॅनोमीटरचे कण कोणाला मिळालेत का? कण जुळवताना घालून नंतर डायलिसिसने (पडद्यातून गाळून) काढायचा डिटर्जंट कोणता घेतलात?

दुसरी शंका मला जास्त सतावते. वनस्पतीच्या अर्कात जिवाणूंचे एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातले विष) राहिले, तर त्यानेच प्रतिकारशक्ती चेतते आणि श्रेय सॅपोनिनला जाते. ते मोजणाऱ्या एलएएल चाचणीला बीटा-ग्लुकान या शर्करेमुळे खोटा होकार येतो. ते रोखणारे बफर वापरून कोणी मोजले आहे का? आणि सॅपोनिन न गमावता एंडोटॉक्सिन कसे काढलेत?