मदत हवी आहे: १८७३ चं पॅनिक आणि सेव्हिंग बँका

नमस्कार मंडळी, अमेरिकेतल्या १८७३ च्या पॅनिकबद्दल, म्हणजे तिथल्या मोठ्या आर्थिक घबराटीबद्दल वाचतेय. सप्टेंबरमध्ये जे कुक नावाच्या बँकरची पेढी बुडाली, न्यूयॉर्कचा शेअर बाजार १० दिवस बंद, आणि लोक पैसे काढायला धावले तर सेव्हिंग बँका म्हणाल्या आधी नोटीस द्या, मग थांबा. त्यात फ्रीडमन्स बँक तर गुलामीतून सुटलेल्या लोकांची, पै पै करून साठवलेले पैसे, आणि जून १८७४ मध्ये ती बंदच झाली, ६१ हजारांवर खातेदार अडकले, वाचून खूप तुटलं आतून. मला विचारायचंय की नोटिशीची अट पासबुकातच छापलेली असायची का? आणि ज्यांना उद्याच्या जेवणाची सोय करायची होती त्यांनी काय केलं, पासबुक गहाण टाकलं की विकलं? कोणी वाचलं असेल तर प्लीज सांगा, मराठीत काही असेल तर फारच बरं.