हालोल रोडला रात्री नीट दिसत नाही, शिवाय गाडी सजवायची हौस आहे: काय करावं, काय टाळावं?

तरसालीकर

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला तरसालीत राहतो, नोकरी हालोलच्या एका कारखान्यात. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला रात्रीचे बारा वाजतात. यंदा मामेभावाकडून 2018 ची पेट्रोल स्विफ्ट व्हीएक्सआय घेतली. घरातली पहिली चारचाकी. गाडी उत्तम ठेवलेली आहे, पण दिसायला अगदी साधी: लोखंडी रिम, पिवळे हॅलोजेन, पांढरा रंग. पार्किंगमध्ये अशा चार उभ्या असतात.

मनात आहे ते असं: एलईडी हेडलाइट, चारही काचांना सनफिल्म, सतरा इंची अलॉय, पुढे स्टीलचा गार्ड आणि जरा भारदस्त आवाजाचा सायलेन्सर. ॲक्सेसरीवाला म्हणतो, ‘साहेब, बधा नखावे छे, कोई पूछतुं नथी.’ म्हणजे सगळे बसवून घेतात, कोणी विचारत नाही. सासरे एसटीत ड्रायव्हर होते. ते म्हणतात, पार्सिंग झालेल्या गाडीला बोटही लावू नका. बायकोचं म्हणणं, पोराच्या बाजूच्या काचेतून ऊन येतं तेवढं आधी बघा.

यातली हेडलाइटची गोष्ट मला खरंच नडते. समोरून ट्रक आला की दोन-तीन सेकंद काही दिसत नाही, आणि टेललॅम्प नसलेली मोपेड अगदी जवळ आल्यावर कळते. बाकीची हौस आहे, मान्य. पण स्वतःच्या पैशाने घेतलेली गाडी स्वतःसारखी करण्यात गैर काय? नियमात काय बसतं आणि रस्त्यावर काय धोक्याचं, दोन्ही सांगा.

पाचवा गिअर

भावा, बिनधास्त कर. मेमो फाटला तर भरायचा. गार्ड तर घेच, हालोल रोडला गुरं आणि नीलगाय कधी आडवी येईल सांगता येत नाही. आणि कायद्याचं मला पटतच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, कंपनीने दिलं तसंच ठेवा. मग मी चांगले ब्रेक बसवले, चांगले शॉकअब्सॉर्बर टाकले, तरी तो ‘फेरफार’च? गाडी जास्त सुरक्षित केली तरी गुन्हेगार? सरसकट बंदी घालणं सोपं असतं, विचार करणं अवघड. ईएमआय आपण भरायचा आणि रिम कोणती लावायची ते दुसऱ्याने ठरवायचं, हे मला मान्य नाही.

वायरिंगवाले काका

तरसालीकर, प्रतापनगरकडे आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. वडिलांनी फियाट-अँबेसिडरच्या काळात सुरू केलं, आता मी बघतो. गाड्यांत बदल करणं हीच माझी रोजीरोटी आहे, तेव्हा मी हौसेच्या विरोधात बोलणार नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो: हा बदल कोणाच्या अंगावर जाणार? सीट कव्हर, म्युझिक, गिअरनॉब, आतला रंग हा तुमचा कारभार. उजेड, आवाज, काच आणि बंपर हे चार तुमच्या गाडीवर असले तरी त्यांचा परिणाम भोगणारा माणूस बाहेर असतो, आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं. सीटच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीत कव्हरसुद्धा त्या एअरबॅगला मोकळीक देणारंच हवं. तुमच्या गाडीत एअरबॅग पुढेच आहेत, तो प्रश्न नाही.

हेडलाइटचं सविस्तर लिहितो, कारण तीच तुमची खरी अडचण आहे. तुमच्या गाडीत एच4 बल्ब आहे, 60/55 वॅटचा. त्यात दोन फिलामेंट असतात. डीमच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून भिंतीवर उजेडाची सरळ रेघ दिसते आणि तिच्या वर अंधार राहतो. त्या अंधारात समोरच्या ड्रायव्हरचे डोळे असतात. आतला रिफ्लेक्टर फिलामेंटची जागा धरून, अगदी मिलिमीटरच्या हिशेबाने घडवलेला असतो. तिथे एलईडी बल्ब लावला की उजेड निघण्याची जागा आणि आकार बदलतो, रेघ फाटते, उजेड वर पसरतो. तुम्हाला वाटतं खूप दिसतंय, कारण गाडीपुढची वीस फूट जमीन पांढरीफेक होते. लांबचं मात्र पूर्वीपेक्षा कमी दिसतं, कारण जवळच्या झगझगाटाने तुमचीच बाहुली आकुंचन पावते. ट्रक आल्यावर तुम्हाला जे दोन-तीन सेकंद आंधळं व्हावं लागतं, तेच तुम्ही मोपेडवाल्याला द्याल. तो बिचारा तोल सांभाळत असतो.

100/90 चे बल्बही नकोत. 55 वॅटला साधारण साडेचार अँपिअर करंट लागतो, 90 ला साडेसात. कंपनीची वायर आणि होल्डर तेवढ्यासाठी नसतात. वितळलेले होल्डर दर पावसाळ्यात माझ्या टेबलावर येतात.

त्याऐवजी हे करा. आठ वर्षांत हेडलाइटची प्लास्टिकची काच पिवळी पडलेली असणार, ती पॉलिश करून घ्या. चांगल्या कंपनीचे नवे 60/55 बल्ब घ्या. रिले (जास्त करंट स्विचमधून न नेता चालू-बंद करणारी डबी) लावून बॅटरीपासून जाड वायरने सप्लाय द्या, फ्यूजसकट. जुन्या स्विचमधून फिरत येताना व्होल्टेज पडतं, आणि हॅलोजेनला व्होल्टेज थोडं कमी मिळालं तरी उजेड पुष्कळ घटतो. शेवटी ॲलाइनमेंट, म्हणजे उजेडाची रेघ योग्य उंचीवर आणणं. यातल्या एकाही गोष्टीला कोणी फेरफार म्हणणार नाही, आणि फरक पहिल्याच रात्री कळेल.

आता गार्ड. पाचवा गिअर, नीलगायीची भीती खरी आहे, मीही त्या रस्त्याने येतो. पण गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळावा म्हणून बनवलेला असतो. धक्का तिथे खर्ची पडतो, मग उरलेला आतल्या माणसांपर्यंत पोचतो. स्टीलचा गार्ड चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टने धरला की तो चुरगळण्याचा भाग बाजूला पडतो आणि धक्का सरळ आत येतो. एअरबॅगचे सेन्सर ज्या हिशेबाने बसवलेले असतात तो हिशेबही बिघडतो. पायी चालणाऱ्याच्या मांडीला बंपरचं प्लास्टिक लागणं आणि स्टीलचा पाइप लागणं यातला फरक लिहायला नको. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना कळवून ठेवलंय की क्रॅश गार्ड, बुलबार बेकायदा आहेत. नीलगायीवर उपाय वेग कमी ठेवणं आणि लांबचं दिसणं, म्हणजे पुन्हा हेडलाइटच.

सायलेन्सरचं थोडक्यात सांगतो. आवाज-धुराच्या नियमभंगाला 2019 च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिने बाद होतं. बेकायदा फेरफाराला वेगळे पाच हजार, तेही प्रत्येक फेरफारामागे. पण दंडापेक्षा रात्री बारा वाजता तरसालीच्या गल्लीत शिरताना आजारी माणसांच्या उशाशी तो आवाज नेऊ नका, ही माझी विनंती आहे.

काचेच्या बाबतीत वहिनी बरोबर आहेत, मे महिन्यात बडोद्यात काय ऊन असतं ते आपण जाणतो. नियम असा: पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने काचेवर फिल्म चिकटवणंच बंद केलं होतं. पुढे नियम बदलले, आणि 2024 मध्ये केरळ हायकोर्टाने मर्यादेत बसणाऱ्या, मानकाच्या फिल्मला हरकत नाही असं सांगितलं. पण हिशेब नीट करा. कंपनीची काच मुळातच थोडी रंगीत असते, आणि टक्के एकमेकांना गुणावे लागतात. काचेतून 75 टक्के उजेड येत असेल आणि फिल्म 70 टक्क्यांची असेल तर हाती साडेबावन्न उरतात. बाजूच्या काचेला जेमतेम चालतं. फिल्म 50 ची घेतली तर साडेसदतीस, म्हणजे नियमाबाहेर. पुढच्या काचेला तर जागाच उरत नाही, तिथे काही लावू नका. तुम्ही रात्रीचे प्रवासी आहात, बाजूच्या आरशात बघताना तीच फिल्म तुम्हाला नडेल. पोरासाठी मागच्या दारांना काढता-घालता येणारा जाळीचा पडदा दिवसा लावा, रात्री काढा, चौकात अडवलं तर तेव्हाही काढा.

मीनल, वाघोडिया रोड

काकांचा प्रतिसाद वाचला म्हणून लिहिते. लहानपणी पोलिओ झाल्याने माझा उजवा पाय चालत नाही. माझ्या गाडीला हँड कंट्रोल आहे: डाव्या हाताच्या दांड्याने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, गिअर ऑटोमॅटिक. हाही फेरफारच आहे. पण त्यासाठी कायद्यात दार ठेवलंय. 2019 च्या दुरुस्तीत ‘अडॅप्टेड व्हेईकल’ आलं, म्हणजे अपंग माणसाच्या वापरासाठी बदललेली गाडी. बदल करून घ्यायचा आणि आरटीओची मंजुरी घ्यायची. दर्जीपुऱ्याच्या आरटीओत इन्स्पेक्टरांनी दांडा ओढून पाहिला, वेल्डिंग पाहिलं, मूळ ब्रेक पेडल दुसऱ्या कोणाला वापरता येतं का तेही तपासलं. आरसीवर नोंद झाली. नंतर इन्शुरन्सवालाही निमूटपणे मान्य झाला.

त्या तपासणीचा मला कधी जाच वाटला नाही. त्या दांड्यावर माझा जीव आहे, तो कोणी जाणकाराने बघितला म्हणून मी एक्स्प्रेसवेने अहमदाबादला एकटी जाते. पाचवा गिअर यांना हवं ते स्वातंत्र्य माझ्या रोजच्या जगण्याचं आहे, म्हणून सांगते: ते नोंदीशिवाय मिळालं असतं तर मला नको होतं.

पाचवा गिअर

ताई, हे माहीत नव्हतं. पण मग माझा मुद्दा आणखी पक्का होतो. तुमच्या दांड्याला तपासणी आहे, सीएनजी किटला आहे. माझ्या ब्रेकला का नाही?

वायरिंगवाले काका

हा मुद्दा मी सोडणार नाही, कारण तो शंभर टक्के बरोबर आहे. सीएनजी किट पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून मान्य झालेलं असतं, बसवल्यावर आरसीवर चढतं, आणि टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने चाचणी, होते. गाडीच्या डिकीत जबरदस्त दाबाखालचा गॅस घेऊन फिरायची मुभा आपण दिली, कारण तिला रस्ता आखून दिला. जर्मनीत सस्पेन्शन, रिम, स्टिअरिंग बदलणाऱ्यांसाठी असाच रस्ता आहे. पार्टबरोबर मान्यतेचा कागद येतो, नाहीतर ट्यूफसारख्या संस्थेचा इंजिनिअर गाडी बघतो आणि बदल गाडीच्या कागदावर चढतो.

आपल्याकडे जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं काही करता येणार नाही. कायदा लिहिलाय तसा वाचला तर निकाल बरोबरच आहे. पण चांगला ब्रेक आणि फाडलेला सायलेन्सर एकाच रांगेत उभे राहतात. परिणाम मी रोज बघतो: चांगलं काम करणारा घाबरतो, आणि भलतंच बसवणारा ‘कोई पूछतुं नथी’ म्हणून धंदा करतो. मला माझ्या कामावर तपासणीचा शिक्का हवा आहे. वायर किती जाडीची घातली, फ्यूज कितीचा, कोणी बसवलं, हे कागदावर यावं. त्यासाठी भांडायचं तर मी तुमच्याबरोबर आहे. बंदी उठवा म्हणून भांडायचं असेल तर नाही.

तरसालीकर

काका, मीनलताई, मनापासून आभार. गार्ड आणि सायलेन्सर यादीतून गेले. बायकोने पडदा आजच मागवला. एक राहिलं: अलॉय. सतरा इंचांचा मोह सुटत नाही. आणि हेडलाइटची ॲलाइनमेंट घरी करता येते का?

वायरिंगवाले काका

अलॉय जरूर घ्या, पण पंधरा इंची. तुमच्या गाडीला मूळ टायर 165/80 आर14 आहे (रुंदी 165 मिलिमीटर, भिंत रुंदीच्या 80 टक्के, रिम 14 इंची), पूर्ण उंची साधारण 620 मिलिमीटर. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीनेच 185/65 आर15 दिलाय, त्याची उंची 621 च्या आसपास. म्हणजे स्पीडोमीटर खरं बोलतो, चाक कमानीला घासत नाही. 205/50 आर17 घेतलात तर उंची 637 होते. काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा जवळजवळ तीन किलोमीटर जास्त वेगात असेल. शिवाय टायरची भिंत 132 वरून 102 मिलिमीटरवर येते, आणि पावसाळ्यात जांबुव्याकडच्या खड्ड्यात रिम वाकायला तेवढं पुरतं. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. बसवलं की इन्शुरन्स कंपनीला लिहून कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या, पोच जपून ठेवा.

ॲलाइनमेंट घरी जमते. टायरमध्ये हवा बरोबर भरा, सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, ड्रायव्हरच्या सीटवर कोणीतरी बसवा, डॅशबोर्डवरचं लेव्हलचं चाक शून्यावर ठेवा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा. डीमची रेघ त्या खुणेच्या साधारण दहा सेंटीमीटर खाली आली पाहिजे. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असेल तेव्हा गाडीचं नाक वर होतं, त्या वेळी लेव्हलचं चाक फिरवून उजेड खाली घ्यायचा. हे चाक गाडीत असतं हेच पुष्कळांना माहीत नसतं.

रिलेचं काम मात्र घरी करू नका. संध्याकाळी सहानंतर गाडी घेऊन या. काच पॉलिश करायची आहे, तेव्हा धुऊन आणा.