वसतिगृहातल्या मुलींची एचपीव्ही लस: सही कुणाची घ्यावी?

शिक्षिका, बीड जिल्हा
एका संस्थेने आमच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलींना एचपीव्ही लस (गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी) मोफत द्यायची तयारी दाखवली आहे. गावातल्या पालकांच्या सह्या येतायत. अडलंय ते हंगामी वसतिगृहातल्या मुलींचं. त्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत. एका आईला फोन केला तर म्हणाली, "पिशवीचं असंल तर नको बाई. माझी काढली तेवढी पुरे." कॅन्सरची भीती घालून तरुणपणीच गर्भपिशवी काढायला लावलेल्या कितीतरी बायका आमच्या भागात आहेत. त्यांच्यापुढे पुन्हा कॅन्सरचंच नाव कसं काढू? संस्थेचे लोक म्हणतात, अधीक्षिकेची सही चालेल. मला पटत नाही, पण या मुली राहून जातील याची धास्ती वाटते.

निवृत्त आरोग्यसेविका
मॅडम, अधीक्षिकेची सही अजिबात नको. तेलंगणातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात हीच लस देण्याचा प्रकल्प झाला, तिथे नेमकं हेच झालं होतं. लस घेतलेल्या सात मुली पुढे दगावल्या. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, एक तर साप चावून गेली होती. पण कितीतरी संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या निघाल्या आणि लोकांचा विश्वास उडाला. २०१० मध्ये प्रकल्प थांबला. त्याच सुमारास आपल्या बार्शी-पुण्यासह देशात ठिकठिकाणी वेगळा अभ्यास चालू होता, तिथलं लसीकरणही थांबलं. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर एका डोसनेही चांगलं संरक्षण मिळतं हे कळलं. आता जागतिक आरोग्य संघटनाही या वयात एक डोस चालतो म्हणते.

त्या आईचं आधी सगळं ऐकून घ्या. तिच्यावर काय गुदरलं ते तिला बोलू द्या. मग सांगा: सुई दंडात देतात, पिशवीला काही होत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूने होतो, त्याची लागण व्हायच्या आधी लस द्यायची, म्हणून हे वय. आणि घाई करू नका. एखादीला पंधरावं लागलं तरी लस देता येते.

ऊसतोड कामगारांची मुलगी, नर्सिंगची विद्यार्थिनी
ताई, दिवसा फोन नका करू. फडात कुणाला बोलायची उसंत नसते, आणि फोन बऱ्याचदा मुकादमाच्या हातात असतो. गाडी भरून कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आल्यावर, जेवणं झाली की लावा. दोघांशी बोला. नुसत्या आईला सांगितलं तर ती "मालकाला विचारते" म्हणून ठेवून देईल. मुलीलाही शेजारी बसवा, तिच्याही मनात प्रश्न असतील.

शिक्षिका, बीड जिल्हा
सिस्टर, संस्थेला आजच कळवलं: गावातल्या मुलींचं आत्ता घ्या, वसतिगृहातल्यांचं पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, पालक परत आल्यावर. ते एप्रिलमध्ये पुन्हा यायला तयार आहेत. त्या आईला आज रात्री फोन लावते. तुम्ही पाच मिनिटं बोलाल का तिच्याशी?

निवृत्त आरोग्यसेविका
बोलते की. नऊनंतर कधीही लावा.